अप्रत्यक्ष तुलना करताना या चुका टाळा: एरर न देणाऱ्या चुका

हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांतून संख्याशास्त्र शिकलेली कितीतरी मुलं आज युरोप-ब्रिटनच्या औषध मूल्यांकनासाठी आकडेमोड करतात. दोन औषधांची समोरासमोर चाचणी झालेली नसते, पण दोन्हींची प्लासिबोशी झालेली असते. त्यावरून तुलना काढायची. आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर लाल अक्षरांत एरर दाखवतं तेव्हा चिंता नसते, चूक सापडते तरी. खरा धोका असतो तो कोड सुरळीत चालून चुकीचं उत्तर आलं की.

नेटमेटामध्ये, म्हणजे अशा तुलनांच्या आर पॅकेजमध्ये, हझार्ड रेशो (दोन गटांतल्या धोक्याच्या वेगाचं गुणोत्तर) जसाच्या तसा भरू नका, त्याचा नैसर्गिक लॉग लागतो. तो 0.70 (95 टक्के विश्वासांतर 0.50 ते 0.98) असेल तर लॉग -0.357 आणि स्टँडर्ड एरर सुमारे 0.172, म्हणजे दोन्ही टोकांच्या लॉगमधला फरक भागिले 3.92. औषधांची नावंही तपासा. एका ओळीत कॅपिटल पी आणि दुसरीत स्मॉल पी असलेला प्लासिबो हे सॉफ्टवेअरसाठी दोन वेगळे उपचार आहेत. क्रमवारी लावताना कमी आकडा चांगला की जास्त, हेही सांगावं लागतं. मृत्यूसाठीची सेटिंग प्रतिसादाच्या दराला तशीच राहिली तर तळाचं औषध वर येतं.

सगळ्यात जास्त घोळ मात्र मेकमध्ये (MAIC, म्हणजे रुग्ण जुळवून केलेली अप्रत्यक्ष तुलना) होतो. आपल्या चाचणीतल्या प्रत्येक रुग्णाला कमी-जास्त वजन (हिशेबातलं महत्त्व) देऊन वय वगैरे घटकांची सरासरी स्पर्धक चाचणीशी जुळवायची, ही ती पद्धत. नेहमीच्या कोडमध्ये प्रत्येक घटकातून आधी स्पर्धकाची सरासरी वजा करावी लागते. ते राहिलं तरी ऑप्टिम हे आरमधलं फंक्शन वजनं देतंच, फक्त ती निरर्थक असतात. म्हणून वजनं लावल्यावरच्या सरासऱ्या छापून पाहा. जुळल्याच पाहिजेत. वयाचं स्टँडर्ड डेव्हिएशनही जुळवायचं असेल तर वयाचा वर्ग (स्क्वेअर) घ्या आणि त्यातून सरासरीचा वर्ग अधिक डेव्हिएशनचा वर्ग वजा करा.

मग परिणामकारक नमुनासंख्या बघा: वजनांच्या बेरजेचा वर्ग भागिले वजनांच्या वर्गांची बेरीज. 300 रुग्णांतून 40 उरत असतील, तर निकाल मोजक्या माणसांवर उभा आहे. हा आकडा परिशिष्टात ढकलू नका, पहिल्या तक्त्यात द्या. या निकालावर कुणाच्या तरी आईला कुठलं औषध मिळणार हे ठरतं. हिस्टोग्रामही काढा, एखादंच वजन अवाढव्य असेल तर तिथेच दिसतं.

कॉक्स मॉडेलला (हझार्ड रेशो काढणारं मॉडेल) वजनं दिली की रोबस्ट स्टँडर्ड एररचा पर्यायही द्या किंवा बूटस्ट्रॅप करा, म्हणजे रुग्ण पुन्हा पुन्हा यादृच्छिक निवडून गणित परत करा, आणि बूटस्ट्रॅपमध्ये वजनं दर फेरीला नव्याने काढा. साध्या स्टँडर्ड एररवर विसंबू नका.

दोन्ही चाचण्यांत समान प्लासिबो गट असेल तर औषधाचा परिणाम बदलवणारे घटकच जुळवा, दिसेल तो घटक कोंबू नका. समान गट नसेल, तर रोगाचा कल ठरवणारे सगळे घटकही लागतात. ते सगळे हाती असणं दुर्मीळ असतं.

शेवटी, मेकचं उत्तर स्पर्धकाच्या चाचणीतल्या लोकसंख्येसाठी असतं. म्हणून दोन कंपन्या एकाच माहितीवरून उलटे निष्कर्ष काढू शकतात. भारतात 2017 पासून एचटीएइन ही सरकारी यंत्रणा औषध मूल्यांकनाचं काम करते. इथल्या रुग्णांसाठी उत्तर हवं असेल, तर आरच्या मल्टिएनएमए पॅकेजमधली बहुस्तरीय पद्धत वापरा, ती निवडलेल्या लोकसंख्येसाठी उत्तर देते. त्यासाठी इथल्या रुग्णांच्या वयाची आणि आजाराच्या टप्प्याची आकडेवारी आधी गोळा करावी लागते, आणि तिला कोडपेक्षा जास्त वेळ जातो.