टॉकर शाळेकडून कसा मिळवायचा: न्यू जर्सीत नव्यानं आलेल्या आईबाबांसाठी

दर ऑगस्टमध्ये ओक ट्री रोडवरच्या दुकानात भाजी निवडताना कुणीतरी नवीन आलेली आई माझ्या मुलाच्या गळ्यातल्या टॅबलेटकडे बघते आणि हळूच विचारते, "हे केवढ्याला पडलं?" विकत घेतलं नाही, शाळेनं दिलंय, असं म्हटलं की मेथीच्या जुड्या तिथेच राहतात आणि आम्ही अर्धा तास बोलत बसतो. तेच आता लिहून ठेवते.

माझा मुलगा 11 वर्षांचा आहे. तोंडानं चार-पाच शब्द बोलतो, तेही त्याची मर्जी असेल तर. टॅबलेटवर चित्रांची बटणं आहेत, दाबली की आवाज येतो. शाळेच्या कागदांवर याला एएसी किंवा स्पीच जनरेटिंग डिव्हाइस म्हणतात. आमच्या घरात तो 'टॉकर'.

शाळा हे देते ती मेहरबानी म्हणून नाही. आयडिया नावाचा केंद्रीय कायदा आहे, मूळ 1975 चा. 3 ते 21 वयाच्या अपंग मुलांना लागणारं शिक्षण आणि त्यासाठी लागणारी साधनं त्यात मोफत येतात. व्हिसा कुठला, ग्रीन कार्ड आहे का, यावर शाळेचा प्रवेश अडत नाही. 1982 च्या प्लायलर खटल्यात सुप्रीम कोर्टानं ते स्पष्ट केलं. मुलासाठी जो वार्षिक आराखडा बनतो तो आयईपी. प्रत्येक आयईपीत मुलाला असिस्टिव्ह टेक्नॉलॉजी (म्हणजे टॉकरसारखी मदतीची साधनं) लागते का, याचा विचार करणं सक्तीचं आहे. बऱ्याच वेळा तिथे 'नाही' अशी खूण करून मंडळी पुढे सरकतात. तुमच्या हातात आयईपी आला की आधी ती जागा शोधा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तोंडी काही मागू नका. आपल्याला बाईंशी गोड बोलून काम करून घ्यायची सवय, आणि बाई इथेही गोडच बोलतात. "नक्की बघू हं" यात माझं अख्खं वर्ष गेलं. ईमेल करा, चाइल्ड स्टडी टीमला (शाळेतली तपासणी करणारी मंडळी) आणि स्पेशल एज्युकेशनच्या डायरेक्टरला. दोन ओळी पुरतात: माझ्या मुलाची विशेष शिक्षणासाठी तपासणी करा, आणि त्यात एएसीसह असिस्टिव्ह टेक्नॉलॉजीची तपासणी धरा. खाली तारीख. लेखी विनंती पोचली की न्यू जर्सीत शाळेला 20 दिवसांत बैठक घ्यावी लागते (शाळेच्या सुट्ट्या यात धरत नाहीत, पण उन्हाळ्याची सुट्टी धरतात, म्हणून जुलैमध्ये आलात तरी थांबू नका). पहिल्या तपासणीला तुम्ही संमतीची सही केलीत की तपासणी, पात्रता आणि आयईपी लागू होणं, हे सगळं 90 दिवसांत. नकार दिला तर कारणासकट लेखी द्यावा लागतो. लेखी कारण मागितल्यावर काही नकार आपोआप विरघळतात, हा माझा अनुभव. शाळेची तपासणी पटली नाही, तर शाळेच्या खर्चानं बाहेरच्या तज्ज्ञाकडून करून मागता येते. शाळेला ते मान्य नसेल, तर तिला सुनावणीत जाऊन आपली तपासणी बरोबर असल्याचं दाखवावं लागतं.

पुण्या-मुंबईहून आणलेले थेरपीचे रिपोर्ट फेकू नका. शाळा ते जसेच्या तसे मानेलच असं नाही, पण मूल कधीपासून काय करतंय हे त्यातून कळतं. शिवाय घरचे व्हिडिओ काढा. फ्रीजपाशी हात धरून नेतो, नको असलेली वाटी ढकलतो, यूट्यूबवर हवं ते गाणं बरोबर शोधतो. "अजून तयार नाही" हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईल. आधी नजर मिळवू दे, आधी बोट नीट दाखवू दे, आधी चित्रांची कार्डं येऊ दे. टॉकर मिळण्यासाठी अशी कुठली पायरी आधी चढावी लागत नाही. हे मला एका बाहेरच्या स्पीच थेरपिस्टनं सांगितलं तेव्हा मी गाडीत बसून रडले.

घरातून दुसरी भीती येते: यंत्र दिलं तर तो बोलायचाच नाही. माझ्या सासूबाईंना हीच काळजी होती. 2006 मध्ये आधीच्या अभ्यासांचा एक आढावा निघाला. त्यात एएसीमुळे कुणाचंही बोलणं कमी झालेलं आढळलं नाही, उलट बहुतेकांचं थोडं वाढलं. सासूबाईंना आढावा नाही पटला. नातवानं टॉकरवरून "आजी" म्हटलं, ते पटलं.

त्या "आजी"ची गंमत वेगळीच. इंग्रजी आवाज स्पेलिंग वाचून 'अजाय' म्हणाला. उच्चारासाठी वेगळं स्पेलिंग देता येतं, ते पाच-सहा वेळा बदलून बघितलं. शेवटी त्या बटणावर सासूबाईंचाच आवाज रेकॉर्ड केला. वरण-भात, बाप्पा, झोका, 'नको ना', हे शब्द शाळेची थेरपिस्ट घालणार नाही, तिला ठाऊकच नाहीत. यादी करून द्या. "घरी फक्त इंग्रजी बोला" असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि मराठी बोलत राहा. मराठीत सुरुवात करून बघायची असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे मोफत ॲप फोनवर घ्या. शाळेचं ठरेपर्यंत हात तरी बसतो.

टॉकरवर ॲप कुठलं? प्रोलोक्वोटूगो, टचचॅट, लॅम्प, टीडी स्नॅप अशी नावं ऐकाल. शेजारणीच्या मुलाला जे जमलं तेच मागू नका. दोन-तीन लावून बघायला मागा. एकदा ठरलं की बटणांच्या जागा हलवू नका; आपण कीबोर्ड न बघता टाइप करतो, तशी मुलाच्या बोटाला जागा पाठ होते.

बैठकीत आयईपीवर लगेच सही करू नका, घरी आणून वाचा. आधी कळवून बैठक रेकॉर्ड करता येते. दुभाष्या मागितलात तर शाळेनं द्यायचा असतो. वाचताना तीन गोष्टी शोधा. टॉकर दिवसभर मुलाजवळ राहील, डब्याच्या वेळी, मैदानावर आणि बसमध्येसुद्धा. आमचा पहिली दोन वर्षं 'खराब होईल' म्हणून जेवणाच्या सुट्टीत कपाटात जायचा. भुकेच्या वेळीच मुलाचं तोंड बंद. दुसरं, टॉकर घरी येईल. मुलाच्या शिक्षणासाठी तो घरी लागतो असं आयईपी टीमनं ठरवलं, की शाळेनं घेतलेला टॉकर घरी द्यावाच लागतो, पण हे ठरल्याचं कागदावर हवं. तिसरं, शिक्षकांना, मदतनीस बाईंना आणि तुम्हाला शिकवण्याचे तास. हे प्रशिक्षणही कायद्यातच येतं. ते नसेल तर महागडा टॅबलेट दप्तरात झोपतो. घरी तुम्ही बोलता बोलता स्वतः बटणं दाबायची, "चल, बाहेर जाऊ" म्हणताना 'जाऊ' दाबायचं, आणि त्याच्याकडून लगेच उत्तराची अपेक्षा ठेवायची नाही. आमच्याकडे चार महिने काहीच झालं नाही. मग एका रविवारी 'थांब' दाबून त्यानं माझं गाणं बंद केलं.

अडलात तर स्पॅन ही न्यू जर्सीतली पालकांची संस्था मोफत मदत करते.

विम्यातून टॉकर घेतला तर तो तुमचा असतो. शाळेनं घेतलेला डिस्ट्रिक्टचा, म्हणजे गावातल्या शाळा चालवणाऱ्या कारभाराचा. शाळा तुम्हाला तुमचा विमा वापरायची सक्ती करू शकत नाही. भाड्याचं घर बदलून दुसऱ्या गावात गेलात तर डिस्ट्रिक्टचा टॉकर परत मागितला जाऊ शकतो. म्हणून सामान बांधायच्या आधी ॲपमधल्या शब्दांची फाइल स्वतःला ईमेल करून ठेवा, आणि नव्या डिस्ट्रिक्टला आयईपीबरोबर पहिल्याच दिवशी लिहा.