नाईट आऊटसाठी रंगीत मेकअप करायचाय? मग रंग घाबरत लावू नका

कोबाल्ट ब्लू आयशॅडो पॅलेटमध्ये इतका सुंदर दिसतो की बोट बुडवल्याशिवाय राहवत नाही, आणि तोच पापणीवर लावला की काहीतरी राखाडी, मळकट, मार लागल्यासारखं काळंनिळं दिसायला लागतं. माझं पहिल्यांदा अगदी असंच झालं होतं. दहा मिनिटांत सगळं पुसलं, परत नेहमीच्या ब्राऊनवर आले आणि तो निळा नंतर कितीतरी दिवस तसाच पडून राहिला. खूप उशिरा कळलं की चूक रंगाची नव्हती आणि माझ्या सावळ्या रंगाची तर अजिबातच नव्हती, मी तो रंग घाबरत लावला होता. आधी थोडासाच घेतला, मग जास्त भडक नको दिसायला म्हणून तो पसरवत बसले, पसरवून पसरवून त्याचा जीवच गेला. रंगीत मेकअपमध्ये नेमकं हेच अंगाशी येतं. अर्धवट लावलेला रंग चुकून लागल्यासारखा दिसतो, आणि तोच रंग भरून लावला, कडा स्वच्छ ठेवल्या की मुद्दाम केलेला लुक वाटतो. आता तो भरून कसा लावायचा आणि रात्रभर टिकवायचा कसा ते सांगते.

सगळ्यात आधी रंग कुठे लावायचा ते ठरवा. पहिल्यांदा करताय तर एकच जागा घ्या, डोळे किंवा ओठ, आणि तिथे हात आखडता घेऊ नका. दोन्हीकडे एकदम करायचं नाही असा काही नियम नाही हां, जांभळे डोळे आणि बेरी लिपस्टिक एकत्र मस्तच दिसतात कारण दोन्ही एकाच घराण्यातले रंग आहेत, पण सुरुवातीला एक जागा घेतली की लक्ष तिथे देता येतं. दोन रंग वापरणार असाल तर रंगचक्रात शेजारशेजारचे घ्या, निळा-हिरवा, गुलाबी-नारिंगी, जांभळा-निळा. नारिंगी आणि निळा असे समोरासमोरचे रंग एकमेकांत मिसळले की मातकट तपकिरी होतं, त्यामुळे ते हवेच असतील तर मध्ये गुलाबी किंवा जांभळ्याची पट्टी ठेवायची म्हणजे ते एकमेकांना थेट भिडत नाहीत. आणि डोळे ब्राऊन किंवा काळे असतील तर तुम्ही नशीबवान आहात, त्यावर जवळपास सगळंच खुलतं.

जिथे जाणार तिथला उजेड कसा असेल याचा विचार फार कमी लोक करतात आणि मला वाटतं अर्धा खेळ तिथेच आहे. पिवळ्या मंद दिव्यांखाली फिकट पिवळा, पीच वगैरे रंग दिसेनासेच होतात आणि गडद निळा काळपट वाटतो. उजेड खूपच कमी असेल तर आपल्या डोळ्यांना लाल रंग आणखी गडद दिसायला लागतो आणि निळे-हिरवे त्यामानाने उजळ, याला पर्किन्ये परिणाम म्हणतात, म्हणून घरच्या आरशात छान चेरी रेड दिसणारी लिपस्टिक अंधाऱ्या जागी जवळजवळ काळी वाटते. मग तिथे जाताना लाल एक शेड उजळ घ्यायचा किंवा वर थोडं ग्लॉस लावायचं, चमक असली की उजेड पकडला जातो. यूव्ही लाइट असेल तर फक्त फ्लुरोसंट निऑन चमकतात, साधा गुलाबी कितीही भडक असला तरी नाही. आणि फ्लॅशमध्ये फोटो काढणार असाल तर आधी घरी एक फोटो काढून बघा, कारण मेकअप सेट करायची सिलिकावाली पांढरी एचडी पावडर जास्त झाली की फोटोत डोळ्यांखाली पांढरे पट्टे येतात, जे आरशात अजिबात दिसत नाहीत.

आता बेस. आपली पापणी बाकी चेहऱ्यापेक्षा थोडी गडद असते, त्यावर तेल असतं, बारीक नसा असतात, आणि रंग थेट त्यावर लावला तर खालचा ब्राऊन वरच्या निळ्यात मिसळून तो राखाडी होतो. हेच ते माझं काळंनिळं प्रकरण. म्हणून आय प्राइमर (रंग धरून ठेवणारं क्रीम) किंवा कन्सीलरचा (डाग झाकणारं क्रीम) अगदी पातळ थर द्या, खरंच पातळ, तांदळाच्या दाण्याएवढा दोन्ही डोळ्यांना मिळून पुरतो, जाड लावला तर तासाभरात पापणीच्या घडीत जाऊन बसतो. निऑन किंवा पिवळा लावायचा असेल तर त्याखाली पांढरी काजळ पेन्सिल घासून बोटाने पसरवा, फरक तुम्हालाच दिसेल. आणि एक बारकी गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती: जिथे रंग भरून हवाय तिथला बेस थोडा चिकट राहू द्या, आणि जिथे रंग विरत जायला हवाय, म्हणजे घडीच्या वर, फक्त तिथे पावडर फिरवा. सगळीकडे पावडर लावली तर रंग धरत नाही, सगळीकडे चिकट ठेवलं तर ब्लेंड होत नाही, डाग पडतात.

रंग लावताना ब्रश ओढायचा नाही. छोटा चपटा ब्रश घ्या, रंगात दाबा, कडेवर एकदा टिचकी मारून जादाची पावडर झटका आणि पापणीवर दाबून दाबून बसवा, थाप थाप थाप. ओढला की आधी बसलेला रंगच उचलून निघतो. पहिला थर बघून घाबरायला होतं कारण तो ठिपक्याठिपक्यांचा, तुटक दिसतो. थांबू नका. दुसरा थर द्या, मग तिसरा, तिसऱ्या थराला पॅलेटमध्ये दिसतो तो रंग पापणीवर येतो. बहुतेक जणी पहिल्या थरानंतरच पसरवायला घेतात आणि मग म्हणतात मला हे रंग सूटच होत नाहीत.

कडा मऊ करायला मात्र दुसरा, कोरडा, फुगीर ब्रश हवा, आणि त्यावर तुमच्या त्वचेपेक्षा किंचित गडद असा मॅट, म्हणजे बिनचमकीचा, ब्राऊन. फक्त कडेवर बारीक गोल गोल फिरवायचा, रंगाच्या पोटात शिरायचं नाही. मध्ये मध्ये आरशात सरळ समोर बघत जा, डोळे मिटून नाही, कारण पापणी झाकली जाते असे डोळे असतील तर मिटल्यावर मस्त दिसणारा रंग उघडल्यावर गायबच होतो, अशा वेळी रंग घडीच्या थोडा वर न्यावा लागतो.

शिमर, म्हणजे चमकदार आयशॅडो, बोटानेच छान बसतो, नाहीतर ब्रश किंचित ओला करा, पण आधी मॅट मग शिमर हा क्रम ठेवा. ग्लिटरबद्दल मात्र मी कडक आहे. क्राफ्टची, कार्डावर चिकटवायची ग्लिटर डोळ्यांजवळ कधीच नको, तिचे कण मोठे आणि धारदार असतात, डोळ्यात गेले तर बुबुळावर ओरखडा येऊ शकतो. मेकअपसाठी बनवलेलीच घ्या, खाली ग्लिटर ग्लू लावा, आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर सुटी ग्लिटर सोडूनच द्या, जेलमध्ये मिसळलेली येते ती बरी. निऑन रंगांच्या डबीवरचं बारीक अक्षरातलंही वाचा. अमेरिकेत एफडीएच्या नियमाने डोळ्यांभोवती वापरायच्या रंगद्रव्यांना वेगळी मंजुरी लागते आणि काही भडक गुलाबी-लाल रंगांना ती नाहीये, म्हणून कित्येक पॅलेटवर आयशॅडो असं न लिहिता प्रेस्ड पिगमेंट लिहिलेलं असतं आणि मागे डोळ्यांजवळ वापरू नका अशी सूचना असते. ते रंग गालावर, कपाळाच्या बाजूला लावा की, तिथेही सुंदर दिसतात.

एवढं सगळं पहिल्या दिवशी झेपणार नाही वाटत असेल तर नुसतं रंगीत लायनर लावा, मी तर सगळ्यांना सुरुवात इथूनच करायला सांगते. एक विजेसारखी निळी किंवा हिरवी रेघ, बाकी डोळा कोरा. एकदम रेघ ओढू नका, आधी तीन ठिपके द्या, बाहेरचं टोक, मधला आणि आतला, दोन्ही डोळ्यांचे ठिपके आरशात जुळवून बघा, मगच जोडा. वाकडी झाली तर पुसून परत सुरुवात करायची गरज नाही, कापसाचा टोकदार इयरबड मायसेलर वॉटरमध्ये, म्हणजे मेकअप पुसायच्या पाण्यात, बुडवून, पिळून, त्याने कड कापून काढा, आणि खाली बारीक ब्रशने कन्सीलरची रेघ द्या. रेघ अशी धारदार होते की कुणाला वाटणार नाही हात थरथरला होता. पाण्याने भिजवून वापरायचे केक लायनर रंगाला फार छान असतात पण घाम किंवा पाणी लागलं की उतरतात, नाचायला जात असाल तर वॉटरप्रूफ जेल पेन्सिलच घ्या.

फाउंडेशन डोळे झाल्यावर. गडद रंगाची पावडर गालावर सांडतेच, मग ती कोरड्या फुगीर ब्रशने उडवायची, बोटाने पुसली की रेघ उमटते. डोळे आधी केले की हे सगळं टेन्शनच जातं.

ओठांवर गडद जांभळा, निळा, मरून असलं काही लावायचं तर कोरडी सालपटं आधी काढा, बाम वीस मिनिटं आधी लावून नंतर टिपून घ्या. लिप लायनरने फक्त बाहेरची कड नाही तर पूर्ण ओठ भरा, मग लिपस्टिक, मग टिश्यूने टिपा, टिश्यूचा एक पदर ओठांवर धरून वरून थोडी पावडर फिरवा, आणि परत एक थर. शेवटी स्वच्छ बोट तोंडात धरून ओठ मिटून बाहेर ओढा, जो रंग दातांना लागणार होता तो बोटावर येतो. मॅट लिक्विड लिपस्टिक पाण्याने हलत नाही पण तेलकट खाल्लं की आतल्या बाजूने जाते, म्हणून ती सोबत ठेवाच. पर्समध्ये तेवढीच, दोन इयरबड आणि टिश्यू, बाकी काही लागत नाही. सेटिंग स्प्रे साधारण वीस-पंचवीस सेंटीमीटरवरून मारा, तोंड भिजवू नका, आणि घाम आला तर पुसू नका, टिपा.

हे सगळं त्याच दिवशी पहिल्यांदा करू नका प्लीज. तीन-चार दिवस आधी नवीन प्रॉडक्ट कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस बघा, खाज-लाली आली तर ते चेहऱ्यावर नको. मग एका निवांत संध्याकाळी पूर्ण लुक करा आणि तीन तास तसेच घरात वावरा. कुठे घडीत जमतंय, कुठे पाणी येतंय, सगळं कळतं, आणि मुख्य म्हणजे आपल्याच चेहऱ्यावर तो रंग बघायची डोळ्यांना सवय होते. पहिल्या पाच मिनिटांत जो भडक वाटतो तो तासाभराने आपलाच वाटायला लागतो, माझं दर नव्या रंगाच्या वेळी असंच होतं.

घरी आल्यावर कितीही झोप आली तरी काढा. लेन्स लावत असाल तर आधी लेन्स काढा, मग मेकअप. वॉटरप्रूफ गोष्टी पाण्याने नाही, तेलाने सुटतात, क्लेन्झिंग बाम किंवा ऑइलवाला रिमूव्हर कापसावर घेऊन डोळ्यावर तीस सेकंद नुसता धरून ठेवा, मग अलगद खाली ओढा. ग्लिटर असेल तर आधी टेपने टिपून घ्या. सकाळी पापणीवर गुलाबीसर डाग उरला तर घासत बसू नका, लाल-गुलाबी रंगद्रव्यं त्वचेला थोडी धरून राहतात, एक-दोन दिवसांत जातं. आणि तो निळ्याचा ब्रश लगेच धुऊन टाका, नाहीतर पुढच्या वेळी पिवळा लावायला घ्याल आणि पापणीवर हिरवा उमटेल.