कोंबडीने अंडी थांबवली की आधी काय बघायचं

आमच्याकडे, अलिबाग तालुक्यात, कोंबड्या बहुतेक घरांत असतात. दिवसभर परसात चरायच्या, संध्याकाळी डालग्याखाली झाकायच्या, एवढंच त्यांचं पालन. अंड्यांसाठी म्हणून कोणी नव्याने कोंबड्या घेतल्या की काही महिन्यांत माझ्याकडे विचारणा होते: अंडी थांबली, कोणतं औषध देऊ? बहुतेक वेळा औषधाची गरजच नसते. मी आधी तीन गोष्टी विचारते. खुराड्यात उजेड किती वेळ असतो, कवचासाठी चुना, म्हणजे कॅल्शियम, कुठून मिळतो आणि दुपारी पाण्याचं भांडं भरलेलं असतं का.

मुळात रोज एक अंडं ही अपेक्षा सोडा. एक अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात आणि त्यातले २० तास एकट्या कवचाला. म्हणून अंड्याची वेळ रोज थोडी पुढे सरकते. ती दुपारकडे गेली की कोंबडी एक दिवस खाडा करते आणि पुन्हा सकाळपासून सुरू होते. हा खाडा आजार नव्हे. कोंबडा नाही म्हणून अंडी नाहीत, असंही अनेकांना वाटतं. कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी. अंडी त्याच्याशिवायही येतात.

आता उजेड. कोंबडीचं शरीर दिवसाच्या लांबीवर चालतं. भरपूर अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड लागतो आणि आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. त्यात दिवस लहान होऊ लागले की जुन्या कोंबड्या पिसं झाडतात. अंड्यातली ताकद मग नव्या पिसांकडे वळते आणि दोन-तीन महिने अंडी बंद राहतात. या काळात शेंगदाणा पेंड, सुकट, वाळवी असं प्रथिनांचं खाणं वाढवा. दिवा लावणार असाल तर पहाटे लावा. रात्री दिवा एकदम बंद झाला की कोंबड्या अंधारात चाचपडतात, दांडीवर चढत नाहीत. तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांना, मात्र जास्तीचा उजेड देऊ नका. अंग भरायच्या आत अंड्यावर आलेल्या तलंगेची अंडी लहान राहतात आणि कधी कधी अंडं घालताना तिचं अंग बाहेर येतं.

एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. नुसती कणी आणि उरलेला भात खाणारी कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. पातळ किंवा मऊ कवचाची अंडी दिसली की समजा, तिला चुना कमी पडतोय. खाडीकाठी राहणाऱ्यांना हे सोपं आहे: कालवांच्या शिंपल्या धुऊन, वाळवून जाडसर कुटा आणि वेगळ्या भांड्यात ठेवा. खाण्यात मिसळू नका. ज्या कोंबडीला हवं ती स्वतः खाते, विशेषतः संध्याकाळी, कारण कवच रात्री चढतं. पिल्लांना मात्र जादा कॅल्शियम देऊ नका, त्यांच्या मूत्रपिंडांना ते सोसत नाही. आणि पाणी! मे महिन्यात सावलीत दोन भांडी ठेवा, दुपारी पाणी बदला. पाणी तुटलं की अंडी लगेच कमी होतात.

जात निवडताना स्वतःला विचारा, अंडी हवीत की पिल्लंही? गावठी कोंबडी वर्षाला ५० ते ७० अंडी देते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी तयार केलेली ग्रामप्रिया नीट खाणं मिळालं तर १६० ते १८० पर्यंत जाते. पण अशा सुधारित कोंबड्या सहसा खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाहीत. माझं मत विचाराल तर दोन्ही ठेवा. गावठी कोंबडीखाली ग्रामप्रियेची अंडी ठेवली तरी ती २१ दिवस इमानाने ऊब देते. पिल्लं नको असतील आणि कोंबडी खुडूक बसली, तर काही ठिकाणी तिच्या नाकपुडीत पीस खुपसतात किंवा तिला पाण्यात बुडवतात. कृपा करून हे करू नका. खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, दाणापाणी देऊन काही दिवस ठेवलं की खुडूकपणा मोडतो.

लस चुकवू नका. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, एका रात्रीत अख्खं खुराडं रिकामं करते. तिच्या लसी अशा: पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा, साधारण चौथ्या आठवड्यात पुन्हा तीच आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी. लहान पालक लस टाळतात कारण एका बाटलीत निदान १०० मात्रा असतात आणि पाणी घातल्यावर ती दोन-तीन तासांत संपवावी लागते. त्याला उपाय एकच, वाडीतल्या सगळ्यांनी एक दिवस ठरवून पशुवैद्यकीय दवाखान्यातून बर्फात लस आणायची.

बर्ड फ्लूचं सांगायलाच हवं. देशात तो पहिल्यांदा २००६ साली नंदुरबारच्या नवापूरला, मोठ्या पोल्ट्र्यांत सापडला, म्हणून परसातल्या कोंबड्यांना धोका नाही असं लोक धरून चालतात. जानेवारी २०२५मध्ये तो आमच्याच जिल्ह्यात, उरणच्या चिरनेरला आला. लागण ठरली की आसपासच्या एक किलोमीटरमधले पक्षी नष्ट करतात. सरकारी भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. त्यामुळे एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या तर लपवू नका, खाडीत टाकू नका, उरलेल्या घाईने विकू तर अजिबात नका. त्याच दिवशी दवाखान्यात कळवा, मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका. आणि बाजारातून आणलेली नवी कोंबडी किमान दोन आठवडे वेगळी ठेवा. तिचं दाणापाणी आपल्या कोंबड्यांचं झाल्यावर, शेवटी करा.