मंडळीतली मदत सर्वांपर्यंत पोचवायची कशी?

यरुशलेमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) पहिली मोठी कुरबुर झाली ती रोजच्या अन्नवाटपावरून: ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जात होत्या (बायबल, प्रेषितांची कृत्ये ६:१-६). प्रेषितांनी, म्हणजे येशूने नेमलेल्या शिष्यांनी, ती झाकली नाही. सगळी मंडळी बोलावली, निकष सांगितले आणि निवड लोकांवर सोडली. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे बहुधा तक्रार करणाऱ्यांच्याच हाती वाटप दिलं गेलं.

आजही तसंच करा. आधी गरजूंची यादी काढा आणि ती हजेरीशी ताडून पाहा. उपासनेला येऊ न शकणारे आजारी, वेगळी भाषा बोलणारे, नव्याने आलेले हेच हमखास गळतात. कारण यादी ओळखीतून बनते. मग वाटपासाठी माणसं निवडा: लौकिक चांगला, समज पक्की. पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) वाटप स्वतःकडे ठेवू नये. त्याने देवाचं वचन शिकवणं आणि प्रार्थना मागे पडते, शिवाय संशय येतो तो वेगळाच.

पैशाबाबत प्रेषित पौल भलताच काटेकोर होता. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे बाजूला ठेवावं (१ करिंथ १६:२), आणि रक्कम नेताना सोबत मंडळ्यांनी नेमलेला माणूस असावा (२ करिंथ ८:१९-२१). तेव्हा दानपेटी दोघांनी मिळून उघडावी, रक्कम मोजून लगेच वहीत लिहावी, दोघांनी सही करावी. एकट्याने मोजणारा प्रामाणिक असला तरी त्याच्याकडे पुरावा नसतो.

ज्या विधवेला घरचे आहेत, तिचा भार आधी घरच्यांनी उचलावा (१ तीमथ्य ५:४, १६). हे स्पष्ट सांगायला संकोचू नका.