आरओचं पाणी आणि माझ्या मॉली

लातूरला आमच्या बोअरचं पाणी इतकं जड, की बादलीला पांढरा थर बसतो. म्हणून मॉली माशांच्या ४० लिटरच्या टाकीत सगळं आरओचंच भरलं. पंधरा दिवसांत मॉली पंख मिटून एकाच जागी डुलायला लागल्या. जीव तुटायचा बघून. कुणीतरी सांगितलं, मीठ टाका. लिटरला १ ग्रॅम खडेमीठ विरघळवून टाकलं, फरक नाही. पडणार कसा? मिठात सोडियम, मॉलीला हवं कॅल्शियम, मॅग्नेशियम, आणि तेच आरओनं काढलेलं. मग रोज ३ लिटर पाणी बदलून बोअरचं घातलं, टाकीत निम्मं बोअरचं होईपर्यंत. नवव्या दिवशी काळी मादी पंख पसरून काचेवरचं शेवाळ टोकरत होती! आणि हो, पाण्याबरोबर मीठ, कॅल्शियम उडून जात नाही, टाकीतच राहतं. पाणी आटलं तर आरओचंच भरा, मीठ पुन्हा नको.