व्हीलहाउस असलेली जुनी शिडाची नौका पारखताना

पाऊस, बोचरा वारा आणि अंगावर उडणारे खारे पाणी यांपासून आडोसा मिळावा म्हणून व्हीलहाउस, म्हणजे आत बसून सुकाणू चालवण्याची खिडक्यांची बंद खोली, असलेली छोटी शिडाची नौका घ्यावीशी वाटते. मात्र जुन्या नौकेत गळती बहुधा याच आडोशाच्या खिडक्यांभोवती सुरू होते, त्यामुळे पाहणीचा आरंभही तिथूनच करावा. प्रत्येक चौकटीखालची लाकडी तक्तपोशी अंगठ्याने दाबून पाहावी. ती मऊ लागली, काळवंडलेली दिसली किंवा तेवढ्याच भागाला नवा रंग असला, तर पाणी मुरत असल्याचा संशय घ्यावा. काचा काढून नव्या सीलंटवर बसवणे शक्य असते. मात्र फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड असेल आणि ते कुजले असेल, तर काम फार मोठे होते. छत आणि डेक प्लास्टिकच्या हातोडीने हलके ठोकत जावे; खणखणीत आवाज जिथे एकदम बद्द होतो, ती जागा खुणेने नोंदवावी.

त्यानंतर आतल्या सुकाणूपाशी निवांत बसावे. माझ्या मते हीच परीक्षा सर्वांत महत्त्वाची आहे, आणि घाईत नेमकी हीच राहून जाते. नाळेपुढचे पाणी दिसते का, खिडक्यांमधले खांब कुठे आड येतात, मागून येणारी बोट कळते का, आणि पुढचे मोठे शीड उघडल्यावर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचा किती भाग झाकला जातो, हे स्वतःच्या उंचीने पाहावे. शक्य असल्यास अंधार पडल्यावरही बसून पाहावे, कारण उपकरणांच्या दिव्यांचे प्रतिबिंब काचेत पडले, तर बाहेरचे दिवे ओळखणे अवघड जाते. आत आणि बाहेर अशी दोन सुकाणूचाके असली की यंत्रणा अनेकदा हायड्रॉलिक असते. तिचे तेल कुठे पाझरते का हे तपासावे आणि सुकाणूची यंत्रणा बिघडल्यास वापरायचा आपत्कालीन दांडा प्रत्यक्ष बसवून पाहावा.

इंजिन पुष्कळदा व्हीलहाउसच्या फळ्यांखालीच असते. आपण पोहोचण्यापूर्वी ते सुरू करू नये, असे विक्रेत्याला आधीच सांगावे, कारण खरी कसोटी थंड इंजिनाची असते. इंजिन तापल्यावरही निळा धूर येत राहिला तर तेल जळत असते. काळा धूर हवेची कमतरता किंवा जास्त भार सुचवतो. सतत पांढरा धूर येत असेल, तर न जळलेले डिझेल किंवा थंडाव्याच्या पाण्याची अडचण असू शकते.

फिशर २५ या व्हीलहाउसच्या नौकेसारख्या जड नौका हलक्या वाऱ्यात, विशेषतः वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जाताना, मंद चालतात. हा दोष नव्हे, रचनेचा स्वभाव आहे. म्हणून चाचणीत केवळ इंजिनावर फेरी न मारता शिडे उभारून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जाऊन पाहावे. उंच व्हीलहाउसवर वारा धरत असल्यामुळे धक्क्याला लावताना नौका कशी वळते, हेही तेव्हाच कळते.

डोलकाठीच्या स्टीलच्या तारा दहा ते पंधरा वर्षांनी बदलण्याची रीत आहे. त्या कधी बदलल्या याची पावती मागावी, आणि ती नसल्यास तारा जुन्याच धराव्यात. कीलचे (बुडाखालच्या जड कण्याचे) बोल्ट, बुडावरचे फोड आणि पाण्याखालचे वॉल्व्ह यांचा निर्णय नौका पाण्याबाहेर काढून स्वतः नेमलेल्या सर्व्हेअरकडून, म्हणजे नौका तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून, घ्यावा. विक्रेत्याने दाखवलेल्या जुन्या अहवालावर विसंबू नये. मालकीची कागदपत्रे आणि नौकेवर कर्ज नसल्याचा पुरावा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अनामत देतानाच, सर्व्हेत मोठा दोष निघाल्यास ती परत मिळेल किंवा दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा होईल, अशी अट लेखी घालावी.