महिला फिगर स्केटिंगचं पदक कुणाला? चिठ्ठी टाकण्याआधीचा हिशेब

इंदूरात बर्फ दिसतो तो उसाच्या रसाच्या गाडीवर. तरी दर मार्चमध्ये टिळकनगरच्या आमच्या घरात स्टीलचा एक डबा निघतो. जागतिक फिगर स्केटिंग स्पर्धेत महिलांची तीन पदकं कुणाला, ते प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं. नाव आणि क्रमांक दोन्ही जुळले तर तीन गुण, नुसतं नाव जुळलं तर एक. ज्याचे गुण सगळ्यांत कमी, त्यानं घरच्या सगळ्यांसाठी पोहे-जलेबी आणायची.

२०२५ ची स्पर्धा बोस्टनला होती. तिकडची शुक्रवारची रात्र म्हणजे आपली शनिवारची सकाळ, पोह्यांना अगदी सोयीची. माझ्या चिठ्ठीवर दक्षिण कोरियाची किम चे-यॉन, अमेरिकेची ॲम्बर ग्लेन आणि जपानची काओरी साकामोतो, या क्रमानं. का, तर किमनं फेब्रुवारीत हार्बिनच्या आशियाई हिवाळी खेळांत साकामोतोला मागे टाकून सुवर्ण घेतलं होतं आणि लगेच सोलला फोर कॉन्टिनेंट्स ही युरोपाबाहेरच्या देशांची स्पर्धाही जिंकली होती. ग्लेननं डिसेंबरमध्ये ग्रां प्री फायनल जिंकली होती. निकाल लागला: अमेरिकेची अलिसा लिउ, साकामोतो, जपानचीच मोने चिबा. माझा एक गुण. मावशीनं साकामोतो, चिबा, लिउ असं लिहिलं होतं. क्रम एकही जुळला नाही, पण नावं तिन्ही बरोबर.

मावशीनं उभा जन्म गणित शिकवलं. मी हेल्मेट शोधत होतो तेव्हा ती म्हणाली, “अरे, तू त्या पोरींचा चांगला दिवस लिहितोस. मी वाईट दिवस लिहिते.” खाली जी रीत सांगतोय ती बरीचशी तिच्या वहीतली आहे.

पहिलं काम: कोण येऊ शकतं ते बघा

हे कंटाळवाणं आहे, पण चुकलं तर चिठ्ठी वायाच. एका देशाला जास्तीत जास्त तीन जागा. जपानमध्ये जगातल्या पहिल्या दहांत बसतील अशा मुली तीनपेक्षा जास्त असतात, म्हणून डिसेंबरच्या शेवटी होणारी त्यांची राष्ट्रीय स्पर्धा होईपर्यंत जपानी नावं पेन्सिलनंच लिहा. अमेरिकेची निवड जानेवारीत होते.

मग वय. सीनियर गटाची वयोमर्यादा १५ वरून टप्प्याटप्प्यानं १७ वर नेली, आणि २०२४-२५ पासून ती पूर्ण लागू झाली. हंगामाआधीच्या १ जुलैपूर्वी १७ पूर्ण हवीत. जपानच्या माओ शिमादानं २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षं ज्युनियर जागतिक स्पर्धा जिंकली, पण तिचा जन्म ऑक्टोबर २००८ चा. काही महिन्यांनी २०२६ चं ऑलिंपिक हुकलं. (नाव जपानची नामवंत स्केटर माओ असादा हिच्यावरून ठेवलेलं. आपल्याकडे सचिन झाले तसं.)

रशियाचंही लक्षात ठेवा. मार्च २०२२ पासून रशियन स्केटर आंतरराष्ट्रीय स्पर्धांबाहेर गेल्या आणि २०२६ च्या ऑलिंपिकसाठी मोजक्यांना तटस्थ म्हणून दार उघडलं. त्यामुळे जुने आकडे आजच्या आकड्यांशेजारी ठेवू नका. बीजिंगला २०२२ मध्ये अन्ना श्चेरबाकोवानं २५५.९५ गुणांवर सुवर्ण घेतलं, बोस्टनला लिउला २२२.९७ पुरले.

आणि भारताची तारा प्रसाद कुठे खेळताना दिसली तर जरूर बघा, घरात टाळ्या वाजवा. चिठ्ठीवर मात्र लिहू नका.

दुसरं काम: व्हिडिओ बंद, कागद उघडा

प्रत्येक आंतरराष्ट्रीय स्पर्धेनंतर निकालाच्या पानावर एक पीडीएफ येते, ‘जजेस डिटेल्स पर स्केटर’. मराठीत गुणपत्रिकाच म्हणा. कुठली उडी मारली, तिची मूळ किंमत किती, नऊ परीक्षकांनी काय दिलं, सगळं ओळीओळीनं. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण गाळून उरलेल्यांची सरासरी काढतात. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधल्या जोड्यांच्या निकालावरून जो गोंधळ झाला, त्यानंतर जुनी सहापैकी गुणांची पद्धत गेली आणि ही आली. म्हणूनच “सारा ह्यूजेस चौथ्यावरून पहिली आली होती ना?” असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. ती त्याच ऑलिंपिकमध्ये जिंकली, पण तेव्हा क्रमांकांची बेरीज होती, आता गुणांची आहे.

उड्यांच्या मूळ किमती अशा (ट्रिपल म्हणजे हवेत तीन फेऱ्या, डबल म्हणजे दोन, पुढचं नाव उडीच्या प्रकाराचं): ट्रिपल टो ४.२०, साल्को ४.३०, लूप ४.९०, फ्लिप ५.३०, लुट्झ ५.९०, ट्रिपल ॲक्सल ८.००. डबल ॲक्सल ३.३०. एवढ्या पाठ झाल्या तरी निम्मं काम झालं. परीक्षक उणे पाच ते अधिक पाच अशी प्रत देतात. त्याला जीओई म्हणतात आणि एका पायरीला उडीच्या किमतीच्या १० टक्के वरखाली होतात.

आता खरी गोष्ट. किमतीशेजारी बारीक खुणा असतात. नवखा माणूस त्या बघतच नाही, आणि पोहे तिथेच ठरतात. उडी पाव फेरी कमी फिरली तर ‘क्यू’. पावपेक्षा जास्त पण अर्ध्याहून कमी तर ‘<’, आणि उडीची किंमत ८० टक्के. अर्धी किंवा त्याहून जास्त कमी पडली तर ‘<<’, म्हणजे तिप्पट उडी दुपटीच्या भावानं. पात्याच्या चुकीच्या कडेवरून उडी घेतली तर ‘ई’, तिथेही ८० टक्के.

मावशीच्या वहीतलं एक उदाहरण जसंच्या तसं देतो. ट्रिपल लुट्झ आणि त्याला जोडून ट्रिपल टो. मूळ किंमत १०.१०. छान झाली, सरासरी अधिक दोन मिळाले: जोडीतल्या मोठ्या उडीचे, म्हणजे ५.९० चे २० टक्के, १.१८. एकूण ११.२८. तीच जोडी, पण टोवर ‘<’ आली: टोची किंमत ३.३६ झाली, जोडी ९.२६, आणि परीक्षकांनी उणे दोन दिले की ८.०८. टीव्हीवर दोन्ही सारख्याच दिसतात. ती पडली नाही, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ३.२० गुण गेले. अशी खूण एखादीच्या पाचपैकी चार गुणपत्रिकांत त्याच उडीवर दिसली, तर ती सहाव्यातही दिसेल असं धरून चाला.

तिसरं काम: डोळ्याला सवय लावा

सराफ्यात रात्री दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात. बघणाऱ्यांची नजर वर जाते, द्रोण केवढा उंच गेला त्याकडे. उडवणाऱ्याचं लक्ष तो हातात कसा येतो तिकडे. स्केटिंग बघताना उडवणाऱ्यासारखं बघा. पातं बर्फाला टेकतं त्या क्षणी व्हिडिओ थांबवा. पात्याचं टोक प्रवासाच्या उलट दिशेला, म्हणजे सरळ मागे, असायला हवं. घड्याळाच्या काट्यासारखं धरा: बारावर यायला हवं होतं आणि नऊ किंवा तीनवर दिसतंय, तर पाव फेरी कमी. पाय टेकल्यावर बर्फाचा भुगा उडाला आणि पातं थोडं वळलं, की समजा उरलेली फेरी बर्फावरच उरकली.

फ्लिप आणि लुट्झ ओळखायला मला दोन हंगाम लागले. लुट्झ बाहेरच्या कडेवरून, फ्लिप आतल्या. उडीच्या आधी घोटा कुठे कलतो ते बघायचं. नाहीच जमलं तर गुणपत्रिकेत ‘ई’ शोधा, काही बिघडत नाही.

चौथं काम: ट्रिपल ॲक्सलच्या मोहाचा हिशेब

ॲक्सल ही एकच उडी समोर तोंड करून घेतात, म्हणून तिला अर्धी फेरी जास्त. ट्रिपल ॲक्सल येते म्हटल्यावर आपण लगेच तिला पदक देऊन टाकतो. कागद काय म्हणतो? नीट झाली, अधिक दोन मिळाले तर ९.६०. पूर्ण फिरून पडली तर जीओईचे ४ गेले, पडल्याचा १ गेला, उरले ३. साधी डबल ॲक्सल चांगली मारली तर ३.९६. म्हणजे पडून नुकसान एका गुणाचं आणि जमली तर फायदा साडेपाचहून जास्त. कागदावर बघितलं तर प्रयत्न करायलाच हवा!

मग अडतं कुठे? पूर्ण न फिरता पडण्यात. ‘<<’ लागून पडली तर ०.६५ उरतात. शिवाय पडल्यावर पुढच्या उडीसाठी श्वास आणि लय राहत नाही, आणि कार्यक्रमाच्या ठशावरचे गुणही उतरतात. स्पर्धेत दोन कार्यक्रम असतात, आधी छोटा शॉर्ट प्रोग्राम, मग मोठा फ्री, आणि दोन्हींच्या गुणांची बेरीज होते. शॉर्टमध्ये ॲक्सलची एकेरी झाली तर त्या घटकाचा शून्य. म्हणून तिला ॲक्सल येते का, हा प्रश्नच चुकीचा. गेल्या पाच स्पर्धांत किती वेळा पूर्ण फिरली, ते मोजा. साकामोतोकडे ट्रिपल ॲक्सल नाही, चौपट उडी नाही, तरी २०२२ ते २०२४ सलग तीन जागतिक विजेतेपदं तिची.

शेवटच्या उड्यांवर १० टक्के वाढ असते: शॉर्टमध्ये शेवटच्या एका उडीवर, फ्रीमध्ये शेवटच्या तीन उड्यांवर. आधी असं बंधन नव्हतं, उत्तरार्धातल्या सगळ्याच उड्यांवर वाढ मिळायची. २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये रशियाच्या अलिना झागितोवानं फ्रीमधल्या सगळ्या उड्या उत्तरार्धात ठेवल्या, फ्रीमध्ये तिचे आणि येवगेनिया मेदवेदेवाचे गुण अगदी सारखे झाले, आणि शॉर्टमधल्या १.३१ गुणांच्या आघाडीवर सुवर्ण झागितोवाला गेलं. त्याच वर्षी नियम बदलला.

पाचवं काम: कंपोनंट्स

सगळ्या कार्यक्रमाच्या ठशासाठी मिळतात ते गुण म्हणजे कंपोनंट्स: रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य, हे तीन. प्रत्येकी दहापैकी. शॉर्टमध्ये बेरजेला १.३३ नं गुणतात, फ्रीमध्ये २.६७ नं. दोन्ही मिळून चार. म्हणजे एखादीला तिन्हींत अर्धा-अर्धा गुण जास्त मिळत असेल तर दोन कार्यक्रमांत ती सहा गुणांनी पुढे. बोस्टनला लिउ आणि साकामोतो यांच्यात सुमारे पाच गुणांचं अंतर होतं, त्यावरून अंदाज करा. हे गुण हळू हलतात. परीक्षक एका रात्रीत कुणाला आठवरून नऊवर नेत नाहीत, नवीन मुलीला तर मुळीच नाही. त्यामुळे चांगल्या उड्या मारणारी पहिल्याच हंगामातली मुलगी मी तिसऱ्याच्या वर लिहीत नाही. कुणी याला अन्याय म्हणेल. असेलही, पण डब्यातली चिठ्ठी न्यायासाठी नसते.

सहावं काम: वाईट दिवसाचा आकडा

वहीत प्रत्येक नावासमोर गेल्या पाच आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे शॉर्टचे आणि फ्रीचे गुण वेगवेगळ्या रांगांत लिहा. राष्ट्रीय स्पर्धेचे गुण घेऊ नका. घरच्या मैदानावर परीक्षकांचा हात सैल असतो, आणि आंतरराष्ट्रीय संघटनाही ते विक्रमात धरत नाही. आता दोन्ही रांगांतला खालून दुसरा आकडा घ्या. सगळ्यांत खालचा सोडायचा, ताप असेल, बूट फाटला असेल. त्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे वाईट दिवसाचा आकडा. वरून दुसऱ्या आकड्यांची बेरीज म्हणजे चांगला दिवस.

चिठ्ठीवरची पहिली दोन नावं वाईट दिवसाच्या आकड्यावरून लिहायची. तिसरं चांगल्या दिवसावरून. कांस्यपदकापाशी नेहमी कुणीतरी घसरतं आणि कुणीतरी आयुष्यातला कार्यक्रम करून जातं. लिउ २०२२ मध्ये निवृत्त होऊन २०२४ मध्ये परतली होती. पुरेसे आकडेच नव्हते, म्हणून मावशीनं तिला तिसरी लिहिली. ती थेट पहिली आली, तेव्हा मावशी वहीकडे बघून एवढंच म्हणाली, “हिला मी ओळखलं नाही.”

माझी चूक दुसरी होती. किमचे फेब्रुवारीतले दोन आकडे मी घेतले आणि त्याआधीचे सोडले. बोस्टनला ती पदकाच्या जवळपासही नव्हती. ताज्या दोन स्पर्धांवर चिठ्ठी लिहिणं म्हणजे कालच्या भावानं आजची मंडई करणं.

सातवं काम: शॉर्टनंतर एकच बदल

आमच्या घरचा नियम असा की शॉर्टनंतर चिठ्ठीत एक बदल चालतो, फ्रीला सुरुवात झाल्यावर डब्याला हात नाही. आधी अंतर बघा. पहिलीपासून चार-पाच गुणांच्या आत असलेली प्रत्येक जण अजून सुवर्णाच्या शर्यतीत आहे. फ्रीमध्ये सात उड्यांच्या जागा असतात, एक जोडी चुकली की तेवढे जातात. दहाहून जास्त अंतर असेल तर सोडून द्या. मग वाईट दिवसाचे फ्रीचे आकडे परत ओळीत लावा. सहा मिनिटांच्या वॉर्म-अपमध्ये कोण पडलं यावरून काही ठरवू नका, तिथे पडणाऱ्या नंतर उभ्या राहिलेल्या मी कितीदा पाहिल्या आहेत.

२०२४ ला मॉन्ट्रियलमध्ये शॉर्टनंतर बेल्जियमची लोएना हेन्ड्रिक्स पहिली आणि साकामोतो चौथी होती, मधलं अंतर चार गुणांच्या आतलं. मी साकामोतो खोडून हेन्ड्रिक्स लिहिली. साकामोतो जिंकली, हेन्ड्रिक्स चौथी आली. त्या वर्षीही पोहे मीच आणले.